आधी जंतूची ओळख, मग औषध: बुरशी आणि परजीवींच्या आजारांवरील उपचार

जिवाणूंची पेशी माणसाच्या पेशीहून रचनेने फार वेगळी असते. पेनिसिलिन जिवाणूंची पेशीभित्ती बांधू देत नाही, आणि माणसाच्या पेशीला भित्तीच नसल्यामुळे तिला त्याची झळ लागत नाही. बुरशी, हिवतापाचे परजीवी आणि पोटातले जंत यांच्या बाबतीत ही सोय मिळत नाही. त्यांच्या पेशींना माणसाच्या पेशींप्रमाणेच केंद्रक असते आणि आतले बरेचसे व्यवहारही सारखेच चालतात. त्यामुळे जंतूला मारील पण रुग्णाला सांभाळील असे औषध शोधणे अवघड होते. हाताशी असलेली औषधे मोजकीच आहेत आणि त्यांतली काही बरीच जहाल आहेत. म्हणून या आजारांत औषध अंदाजाने देऊन चालत नाही. जंतू कोणता, तो शरीरात कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, रुग्णाची प्रकृती कशी आहे आणि त्या जंतूवर औषध अजून चालते का, या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर निवड ठरते.

बुरशीविरोधी औषधांचा मोठा आधार म्हणजे एर्गोस्टेरॉल. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पेशीपटलात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असते. ॲम्फोटेरिसिन हे औषध १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले. ते एर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पेशीपटल निकामी करते. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही ॲझोल गटातली औषधे आणि टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. कॅस्पोफंजिनच्या गटातली औषधे बुरशीच्या भित्तीतील ग्लुकान घडू देत नाहीत. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेले हॅमायसिन हेही पेशीपटलावर काम करणारे बुरशीविरोधी प्रतिजैविक. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

जंतूची ओळख पटवणे किती साधे असू शकते, हे गजकर्णाच्या तपासणीत दिसते. चट्ट्याच्या कडेची त्वचा बोथट पात्याने हलकेच खरवडतात, तो भुगा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. थोड्या वेळात त्वचेच्या पेशी विरघळल्यासारख्या पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू स्पष्ट दिसतात. एवढी साधी तपासणी टाळून दुकानातून आणलेले मलम लावले जाते. अनेक मलमांत बुरशीविरोधी औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइडही असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, रुग्णाला बरे वाटते. पण स्टेरॉइडमुळे त्या जागची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरते. चट्ट्याची ठळक कड पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान कठीण जाते. गेल्या काही वर्षांत भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या जातीने चिवट गजकर्णाची साथ पसरवली. तिच्यातील अनेक बुरशींवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण ज्या विकरावर हे औषध घाव घालते, त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. अशा रुग्णाला बहुधा इट्राकोनॅझोल द्यावे लागते, तेही पुरेसे आठवडे. स्टेरॉइडयुक्त मलमांची ही सवय मोडणे हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे.

रुग्णालयातल्या गंभीर आजारांत निवडीतली चूक जिवावर बेतते. फुप्फुसात शिरणाऱ्या ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. म्युकर गटातल्या बुरशीवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. ऊतीच्या तुकड्यात ॲस्परजिलसचे तंतू बारीक असतात, त्यांत आडवे पडदे असतात आणि फाटे लघुकोनात फुटतात. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले असतात आणि फाटे बरेचदा काटकोनात फुटतात. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेले होते. त्यांना लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, बाधित भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया आणि रक्तातील साखरेवर ताबा, या तिन्ही गोष्टी एकत्र लागल्या. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते. मृत झालेल्या भागात रक्तच पोहोचत नाही, तिथे नुसते औषध काय करणार? पुढे पोसाकोनॅझोल किंवा आयसाव्हुकोनॅझोलच्या गोळ्यांनी उपचार पूर्ण करता येतात.

जंतूचे ठिकाणही तितकेच महत्त्वाचे. रक्तात शिरलेल्या कँडिडावर कॅस्पोफंजिनचा गट उत्तम काम करतो. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णन झालेल्या आणि फ्लुकोनॅझोलला बहुधा न जुमानणाऱ्या कँडिडा ऑरिसवरही सुरुवात याच गटाने करतात. पण ही औषधे मेंदूत आणि लघवीत पुरेशी उतरत नाहीत. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात तर ती निरुपयोगीच. तिथे ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिनने सुरुवात होते व पुढे फ्लुकोनॅझोल चालू ठेवतात.

परजीवींच्या बाबतीत ठिकाणाबरोबर जंतूची अवस्थाही पाहावी लागते. याचे ठळक उदाहरण हिवताप. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आरोग्यसेवक बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा एक जाड आणि एक पातळ थर घेतात. जाड थरात परजीवी आहे की नाही ते कळते, पातळ थरात त्याची जात ओळखता येते. या जातीवरच सारे ठरते. भारतात व्हायव्हॅक्स हिवतापात तीन दिवस क्लोरोक्विन देतात, त्याने रक्तातले परजीवी मरतात. पण व्हायव्हॅक्सचे सुप्त रूप यकृतात दडून राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणते. त्यासाठी १४ दिवस प्रिमाक्विन घ्यावे लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरला की गोळ्या थांबवल्या जातात आणि आजार उलटण्याचे एक मोठे कारण तेच ठरते. फॅल्सिपेरममध्ये आर्टेमिसिनिन गटातल्या औषधाबरोबर दुसरे औषध जोडून देतात. रुग्ण गंभीर असेल तर आर्टेसुनेटची इंजेक्शने शिरेतून देतात.

प्रिमाक्विनच्या निमित्ताने रुग्णाच्या प्रकृतीचा प्रश्न समोर येतो. काहींच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. त्यांना हे औषध दिल्यास लाल पेशी फुटतात, लघवी गडद होते, कावीळ दिसते. म्हणून शक्य तिथे आधी तपासणी करतात. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना प्रिमाक्विन देत नाहीत. ॲम्फोटेरिसिन चालू असताना मूत्रपिंडाचे काम आणि रक्तातील पोटॅशियम वारंवार तपासावे लागते. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची असते; आम्लपित्ताच्या गोळ्यांनी तिचे शोषण घटते. हृदय कमजोर असलेल्यांना ती टाळतात, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतल्यास स्नायूंना इजा होऊ शकते. रुग्ण आधीपासून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना मिळणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

अमिबाच्या आजारात एकाच जंतूसाठी दोन औषधे लागतात. यकृतातल्या गळवावर मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल गुणकारी आहे. परंतु आतड्याच्या पोकळीतला अमिबा त्याने पूर्ण जात नाही. त्यासाठी डायलॉक्सनाइड किंवा पॅरोमोमायसिन द्यावे लागते, नाहीतर आजार उलटतो आणि विष्ठेवाटे इतरांपर्यंत जातो. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी आतड्यात असेल तर प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइडची एक मात्रा पुरते. त्याच कृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी झाल्या आणि आकडी येऊ लागली, तर हिशेबच बदलतो. जिवंत गाठीवर अल्बेंडॅझोल देतात, पण मरणाऱ्या गाठीभोवती सूज येते म्हणून त्याआधी स्टेरॉइड सुरू करतात. डोळ्यात गाठ नाही याचीही आधी खात्री करतात, कारण तिथली सूज दृष्टी घालवू शकते. गाठ मरून तिच्यात चुना साठला असेल तर जंतनाशकाची गरजच उरत नाही. आकडीवरचे औषध तेवढे चालू राहते.

काही आजारांत निवड एकेका रुग्णासाठी न होता साऱ्या वस्तीसाठी होते. हत्तीरोग आढळणाऱ्या विदर्भातल्या जिल्ह्यांत लक्षणे नसलेल्यांनाही वर्षातून एकदा गोळ्या देतात, कारण रक्तातल्या सूक्ष्म अळ्या डासांवाटे पसरतात. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडॅझोल ही तीन औषधे भारतात अनेक ठिकाणी एकत्र दिली जातात. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा दुसरा कृमी असतो. त्याच्या अळ्या रक्तात फार असतील तर डीईसी किंवा आयव्हरमेक्टिनने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून तिथे आखणी वेगळी करावी लागते. प्रदेश बदलला की सुरक्षित औषधही बदलते.

पाचवा प्रश्न प्रतिकाराचा. काळा आजारावर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी कोलकात्यात युरिया स्टिबामाइन तयार केले आणि असंख्य प्राण वाचले. पुढे अँटिमनीचीच इतर औषधे बिहारमध्ये वर्षानुवर्षे अपुऱ्या मात्रेत, अर्धवट दिली गेली आणि १९९०च्या दशकापर्यंत उत्तर बिहारातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांवर ती चालेनाशी झाली. आज तिथे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या एकाच मात्रेने उपचार होतो. काळा आजाराच्या परजीवीच्या पेशीपटलातही एर्गोस्टेरॉलच्या जातीची द्रव्ये असल्यामुळे बुरशीवरचे हे औषध त्यालाही लागू पडते. औषध बदलता आले ते दुसरे औषध शिल्लक होते म्हणून. प्रत्येक आजारात तसे असतेच असे नाही. तपासणीशिवाय औषध न घेणे आणि घेतलेले औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पुरे करणे, यावर आजच्या रुग्णाचे बरे होणे अवलंबून आहे आणि उद्याच्या रुग्णासाठी औषध उरणेही.