आपल्या बोळाचा नकाशा कुणी काढायचा?

कुणाचा स्वयंपाक चालू असेल, कुणी विड्या वळत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

आज विषय नकाशाचा आहे. शाळेच्या भिंतीवरचा नव्हे, मोबाईलमधला. आपण पत्ता कसा सांगतो ते आठवा. "अशोक चौकातून आत या, गिरणी लागली की डावीकडे वळा, बोअरच्या पुढं तिसरं घर. कुणालाही विचारा." आता मोबाईलमध्ये बघा. त्यात ती गिरणी नसते, बोअर नसतो, कित्येकदा अख्खा बोळच नसतो. पार्सल घेऊन आलेल्या पोराची दहा मिनिटं गेली तर फार बिघडत नाही. पण रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या, १०८ ला फोन लावला आणि गाडी मोठ्या रस्त्यावरच घुटमळत राहिली, तर त्या दहा मिनिटांची किंमत वेगळी असते.

नकाशात काय असावं हे कुणीतरी ठरवतं. मोठ्या कंपन्यांच्या नकाशात दुकानं, हॉटेलं, मॉल आधी येतात, कारण त्यांचा धंदा जाहिरातीवर चालतो. त्यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही, पण विडी कारखान्याची शाखा, रेशनचं दुकान, सार्वजनिक नळ आणि अंगणवाडी यांची जाहिरात कोण देणार?

यावर जगभरच्या काही लोकांनी जी वाट काढली, तिची खबरबात आज सांगतो. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणानं 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला. तिथला सरकारी नकाशा वापरायचा तर पैसे मोजावे लागत. त्यानं म्हटलं, आपण सगळे रस्त्यानं चालतोच, मग आपणच नोंद करू आणि तो नकाशा सगळ्यांना फुकट देऊ. त्याच्या दोन वर्षं आधी, २००२ मध्ये, अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी नकाशावर काम करायचं एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. ते आज 'क्यूजीआयएस' नावानं जगभर चालतं. त्याच्याही आधीचं 'ग्रास' म्हणून एक आहे. ते १९८२ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागात जन्मलं आणि पुढे सर्वांसाठी खुलं झालं. अशी खुली सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींची 'ओएसजिओ' नावाची संस्था २००६ मध्ये उभी राहिली.

खुलं म्हणजे काय, तर आपल्या सोलापुरी चादरीवरून सांगतो. चादर विकत घेतली की चादर मिळते, विषय संपला. पण समजा विणकरानं चादरीबरोबर नक्षीची जॅकार्डची कार्डंही हातात दिली आणि म्हणाला, "तुमच्या मागावर विणा, मोर नको असेल तर कमळ काढा, दुसऱ्याला द्यायची तरी द्या. तुम्ही कमळ काढलंत की त्याची कार्डं मात्र आम्हालाही दाखवा." ओपन सोर्स म्हणजे साधारण हेच. फुकट मिळतं हा त्यातला छोटा भाग. आपल्या सोयीनं बदलता येतं, हा मोठा.

हे सगळे लोक दरवर्षी एकत्र जमतात. २०२३ ला कोसोवोमधल्या प्रिझ्रेनला, २०२४ ला ब्राझीलच्या बेलेमला, २०२५ ला न्यूझीलंडच्या ऑकलंडला ही परिषद झाली. आशियाची वेगळी परिषद असते, ती जानेवारी २०१७ मध्ये हैदराबादला भरली होती. आपल्याला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ, पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडे. तरी आपल्यापर्यंत ती बातमी आली नाही. क्यूजीआयएसवाल्यांची आणखी एक गंमत आहे. जिथं त्यांचा मेळावा भरतो त्या गावाचं नाव ते नव्या आवृत्तीला देतात. एक आवृत्ती फिरेन्झे, एक प्रिझ्रेन, एक ब्रातिस्लाव्हा. सोलापूर आवृत्ती यायला काय हरकत आहे, असं आम्हाला उगाच वाटून जातं.

या क्षेत्रात मोठं काम करणाऱ्यांना २००५ पासून सोल कॅट्झ पुरस्कार देतात. २०१२ मध्ये तो वेंकटेश राघवन यांना मिळाला. ते भारतीय, जपानमध्ये ओसाकाला शिकवत. बायकांची नावंही त्या यादीत आहेत: २०१० मध्ये हेलेना मितासोवा, २०१५ मध्ये मारिया ब्रोवेल्ली, २०१८ मध्ये अॅस्ट्रिड एम्डे, २०२० मध्ये अनिता ग्रासर. आहेत, पण थोड्या. नकाशा भरणाऱ्यांत तर बायका त्याहून कमी. आणि त्यानं काय फरक पडतो, हे एका गोष्टीवरून कळतं. ती जरा सविस्तर सांगायलाच हवी.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक जागेला एक खूण लावतात. ही शाळा, हा दवाखाना, हा नळ. नवी खूण हवी असेल तर कुणीही सुचवतं, मग चर्चा आणि मतदान होतं. २०११ मध्ये कुणीतरी सुचवलं, पाळणाघरासाठी वेगळी खूण करूया. मतदान झालं आणि ती सूचना फेटाळली गेली. बालवाडीची खूण आहे की, तीच वापरा, असं काहींचं म्हणणं. आता त्याच नकाशात बारसाठी वेगळी खूण होती, पबसाठी वेगळी, बिअरच्या बागेसाठी वेगळी, नाइटक्लबसाठी आणखी वेगळी. दारू पिण्याच्या जागांमधला बारीक फरक त्या मंडळींना नेमका कळत होता. तीन वर्षांच्या पोराची बालवाडी आणि सहा महिन्यांच्या लेकराचं पाळणाघर यांतला फरक मात्र कळला नाही. मोनिका स्टीफन्स या अमेरिकी भूगोल अभ्यासिकेनं २०१३ मध्ये यावर लेख लिहिला, तेव्हा हा प्रकार सगळ्यांपुढे आला.

कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असं आम्ही म्हणत नाही. मत द्यायला बसलेल्यांपैकी कुणी लेकरू काखेत घेऊन कामावर गेलेलं नसावं, इतकंच. पुढे ती खूण वापरात आली, आज ती नकाशात आहे. पण सोलापुरात बसून ही गोष्ट ऐकली की आपल्याला दुसरं काही आठवतं. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. पण काम घरी आलं, तंबाखू आणि पानं घरी आली, आणि पाळणाघर कागदावरच राहिलं. शहरात आज पाळणाघरं नेमकी किती आणि कुठं आहेत, याचा नकाशा काढला तर निम्मं भांडण तिथंच उभं राहील. जे नाही तेही नकाशा दाखवतो. मोकळी जागा दिसते ना!

हे आपल्या महाराष्ट्रात घडलेलं आहे. पुण्यात शेल्टर असोसिएट्स ही संस्था वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी १९९० च्या दशकात सुरू केली. वस्तीत घरोघर जाऊन माहिती घ्यायची आणि ती संगणकावरच्या नकाशात बसवायची, हे काम त्यांनी पुण्यात आणि सांगलीत केलं. त्या अनुभवावरचा त्यांचा लेख २००२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. कुठल्या घरात शौचालय आहे, कुठल्या घरात नाही, ड्रेनेजची लाईन कुठून जाते, हे एका कागदावर दिसलं की महापालिकेशी बोलणं वेगळं होतं. "आमच्याकडे सोय नाही" या वाक्यावर अधिकारी मान हलवतो आणि फाईल बाजूला ठेवतो. "या लाईनपासून वीस पावलांवर ही चाळीस घरं, बघा," म्हटलं की त्याला खुर्चीतून पुढे सरकावं लागतं. पुढे त्यांनी घरोघर शौचालयाचं काम हाती घेतलं. बांधकामाचं साहित्य संस्था द्यायची, बांधकाम कुटुंबानं करायचं. आधी नकाशा झाला, मग वीट आली.

पाण्याचंही तसंच. आपल्या जवळच्या धाराशिव, लातूर या जिल्ह्यांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोक ज्याला 'पोकरा' म्हणतात, तो २०१८ पासून चालला. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढण्याची पद्धत आयआयटी मुंबईनं बसवून दिली आणि त्यासाठी क्यूजीआयएस वापरलं. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती मुरला, पिकाला किती लागणार. घरखर्चाच्या वहीत आपण जमा-खर्च मांडतो तसा हा पाण्याचा जमा-खर्च. पहिल्या टप्प्यात आपला जिल्हा नव्हता. पण साधन फुकट असण्याचा अर्थ इथं कळतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाला तसा हिशेब मांडायचा असेल, तर परवान्याचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आडवा येत नाही. शिकलेलं माणूस मात्र लागतं. तेवढ्यासाठी तालुक्यातल्या मुलींनी क्यूजीआयएस शिकावं असं आम्हाला फार वाटतं. ज्यांच्या घरी लेकी भूगोल किंवा कॉम्प्युटर शिकतायत, त्यांनी हे नाव लिहून ठेवा.

आता, "नकाशा काढला म्हणून पोलीस धरतील का?" अशी शंका मनात आली असेल, तर ती अगदीच खुळी नाही. पूर्वी आपल्या देशात नकाशाच्या कामाला परवानग्यांची मोठी साखळी असे. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं नवे नियम आणले. भारतीय माणसांना आणि संस्थांना नकाशे करायला आता पूर्वपरवानगी लागत नाही. लष्करी ठिकाणं वगैरे बाबतीत बंधनं आहेतच. पण आपला बोळ, आपला नळ, आपली अंगणवाडी यांना कुणाची ना नाही.

तरी एक गोष्ट आम्ही ठासून सांगणार. या नकाशावर एकदा टाकलेलं सारं जग बघतं. म्हणून जागा टाका, माणसं टाकू नका. सार्वजनिक शौचालय टाका, ते रात्री बंद असतं हेही टाका, दिवा नसलेला बोळ टाका. पण "इथं एकटी बाई राहते", "इथं माहेरी परत आलेली मुलगी आहे", असलं काहीही नको. नवऱ्याच्या मारापासून लपून राहिलेल्या बाईचा पत्ता चुकूनही नको. टांझानियातलं एक उदाहरण आहे. तिथं खेड्यांचे नकाशेच नव्हते. २०१५ पासून 'क्राउडटूमॅप' या नावानं हजारो लोकांनी, काहींनी परदेशात बसून उपग्रहाच्या चित्रावरून तर काहींनी गावात फिरून, रस्ते आणि वस्त्या नकाशात भरल्या. मुलींवर होणारा एक क्रूर विधी टाळण्यासाठी ज्या पळून येतात, त्यांच्यापर्यंत लवकर पोचायला तिथल्या आसरागृहातल्या कार्यकर्त्या हा नकाशा वापरतात. म्हणजे रस्ता सगळ्यांना दिसतो. कुठल्या घरातली मुलगी संकटात आहे हे फक्त कार्यकर्तीच्या वहीत. आपणही ही रेघ अशीच ओढायची.

आपल्या गावाला या नकाशात आणखी एक सोय आहे. एका जागेला अनेक भाषांत नाव देता येतं. मराठीला वेगळा रकाना, तेलुगूला वेगळा, कन्नडला वेगळा, उर्दूलाही. सोलापूरला याहून बरं काय हवं? विजापूर वेस, कन्ना चौक, बाळीवेस ही नावं आपण बोलतो तशीच, आपल्या लिपीत लिहिता येतात. नाहीतर इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्र जे उच्चार करतं, ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. कुंभारीला विडी कामगारांची एवढी मोठी वसाहत झाली, जानेवारी २०२४ मध्ये तिथंच रे नगरमधली पंधरा हजार घरं लोकांना मिळाली. एवढ्या घरांतून नव्यानं राहायला आलेल्या पाहुणीनं किल्ली घेऊन आपलं घर शोधायचं, तर गल्लीला नाव आणि घराला नंबर नकाशावर हवाच.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. मोबाईलवर ओपनस्ट्रीटमॅप उघडा आणि आपला बोळ शोधा. घरातल्या शाळकरी पोराला बसवा शेजारी, ती पोरं भराभर करतात. नोंद करायला एक खातं काढावं लागतं, त्याला पैसे नाहीत. 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचं अॅप आहे, ते तुम्ही उभ्या असाल तिथले बारकेबारके प्रश्न विचारतं, जसं या रस्त्याला दिवे आहेत का, रस्ता डांबरी आहे का. उत्तर दिलं की नोंद झाली.

मोबाईल नसला तरी अडत नाही. आपल्या भागाचा नकाशा कागदावर छापून घ्या, झेरॉक्सच्या दुकानात होतो. चार-पाच जणी मिळून संध्याकाळी पाण्याला निघाल तेव्हा तो बरोबर ठेवा. नळ दिसला, फुली करा. पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं तेही बाजूला लिहा. शौचालय, अंगणवाडी, रेशन दुकान, आशाताई बसतात ती जागा, पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं तो कोपरा, सगळं पेनानं काढा. ज्या वाटेनं तुम्ही मुलीला अंधारात एकटी पाठवत नाही, तिच्यावर तांबडी रेघ मारा. ही तांबडी रेघ खुल्या नकाशात टाकायची नाही. तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं आणि दिव्याचा खांब मागायचा. बाकीच्या फुल्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीकडून संगणकावर चढवून घ्या.

कागदावर तारीख घालायला विसरू नका. आणि शिल्लक प्रत आमच्याकडे आणून द्या, कुठल्या भागातून कागद आले ते पुढच्या भाषणात वाचून दाखवू.