लघवीतून कर्करोगाचा सुगावा
(भाषणाचा सारांश)



१८४५ साली लंडनच्या एका आजारी वाण्याची लघवी डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीस आली. आम्ल घातल्यावर तीत साका धरे. तापवला की विरघळे, निवल्यावर पुन्हा दिसे. हे एक प्रथिन होते आणि रोग हाडांच्या मज्जेतील कर्करोगाचा. प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या म्हणजेच हे प्रथिन, हे १९६२ मध्ये एडेलमन व गॅली यांनी दाखविले.

पुढे मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ‘एनएमपी-२२’ या प्रथिनाची चाचणी निघाली. अमेरिकेत तिला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. सुई टोचणे नाही, वेदना नाही. मात्र मुतखडा वा जंतुसंसर्ग असला तरीही हे प्रथिन वाढते. म्हणून दुर्बिणीची तपासणी टळत नाही.

पालकहो, लघवीतून रक्त गेले तर दुखत नसले तरी लपवू नका. माता-भगिनींनी संकोच करू नये. उशीर जिवावर बेततो. तंबाखू, विडी, सिगारेट सोडा. या रोगाचे ते मोठे कारण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षानळीकडे नीट पाहण्यातून हा शोध लागला. तुम्हीही प्रयोगशाळेत डोळे उघडे ठेवा.