ज्ञानाची मालकी कोणाची?
(कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचे मराठी रूपांतर)



संशोधनाचा खर्च जनता करते. मग त्याच्या फळावर मालकी कोणाची? कोलकात्याला हा प्रश्न नवा नाही. १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी येथे लोकवर्गणीतून विज्ञानसंवर्धनाची संस्था उभारली. तिच्याच प्रयोगशाळेत १९२८ साली ‘रामन परिणाम’ सिद्ध झाला. १९१७ साली बोस संस्थेचे उद्घाटन करताना जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर केले की, तेथील शोध सार्वजनिक मालमत्ता राहतील, त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही.

खुल्या ज्ञानाचे मोल १९७१ साली दिसून आले. बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. कोलकात्यातील संशोधन केंद्राच्या ग्रंथालयातच पुड्या भरण्यात आल्या. लिटरमागे खर्च ११ पैसे. रुग्णांचे नातेवाईकच ते पाणी पाजू लागले. ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्युप्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. ही कृती कोणाच्या तिजोरीत बंद असती, तर ती या माणसांच्या हाती पडली असती काय?

आज चित्र उलटे आहे. शास्त्रज्ञाचे वेतन व प्रयोगशाळेचा खर्च सरकारी खजिना उचलतो. निबंधाचे परीक्षण इतर शास्त्रज्ञ बहुधा विनामूल्य करतात. प्रकाशनाचे हक्क मात्र मूठभर परदेशी कंपन्यांकडे जातात. तेच निबंध वाचण्यासाठी त्याच खजिन्याला पुन्हा पैसे मोजावे लागतात. संपादन व छपाईला खर्च येतो, हे खरे. पण त्या खर्चापोटी ज्ञानावर मक्तेदारी बहाल करण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये ठरले. सरकारी विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधनसंस्था यांना तिचा लाभ होतो, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु खेड्यातील डॉक्टर, शाळाशिक्षक, कामगार संघटनेचा कार्यकर्ता या कक्षेबाहेरच राहतात. शिवाय वर्गणी संपली की दारही बंद!

सरकारी अनुदानावरील निबंध खुल्या भांडारात ठेवावेत, असे धोरण केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ सालीच स्वीकारले. त्याची कसोशीने अंमलबजावणी व्हावी आणि निष्कर्षांचा सारांश भारतीय भाषांतून मिळावा, ही मागणी दयेची याचना नव्हे. ज्यांनी मोल चुकते केले, त्यांचा तो हक्क आहे.