गायतोंडे यांचा विषय

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्याने वाडीकडे यावे, तर हिवाळ्यातल्या पहाटे मालमोटारींच्या रांगांवर धुके आणि धूळ यांचा असा काही पडदा पसरलेला असतो, की त्याचा रंग करडा म्हणावा की पिवळा, याचा निर्णय होत नाही. आणि वाडीत राहणाऱ्या मला त्या वेळी हटकून चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे स्मरण होते. जन्म नागपूरचा, १९२४ चा. कुटुंब मूळचे गोमंतकीय. वाढले मात्र ते गिरगावच्या चाळीत, आणि पदविका घेतली जे. जे. कलाशाळेची, १९४८ मध्ये. तेव्हा जन्मनोंदीपलीकडे आपल्या शहराने त्यांच्यावर हक्क सांगू नये, हेच न्यायाचे.

त्यांच्या आरंभीच्या चित्रांत माणसे आहेत, लघुचित्रांच्या परंपरेतून आलेल्या ठसठशीत रेषेची. पुढे पॉल क्ले यांच्या चित्रांच्या परिशीलनाने ती रेषा मोकळी झाली, आकृती विरत गेल्या, आणि अमुक एक विषय म्हणून बोट दाखवावे असे कॅनव्हासवर काही उरले नाही. 'अमूर्त' ही संज्ञा त्यांना स्वतःला मान्य नव्हती. मला तर वाटते, की विषय लोपला नाही, तो चित्र घडवण्याच्या क्रियेतच उतरला. रोलरने रंगाचा थर द्यावा, सुरीने तो खरवडावा, रंगाने माखलेले कागदाचे कपटे कॅनव्हासवर दाबून उचलून घ्यावेत, आणि वरच्या थरातून खालचा उजळू लागेपर्यंत स्वस्थ बसून राहावे, असा तो क्रम; म्हणूनच वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. झेन विचाराची आणि निसर्गदत्त महाराजांच्या निरूपणाची ओढ असलेल्या या एकांतप्रिय माणसाला त्या बसून राहण्याचे ओझे वाटले नसावे.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, नंतर दिल्लीतला निवास, हा तपशील सर्वश्रुत आहे. १९८४ मधील अपघाताने मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. २००१ मध्ये ते निवर्तले, आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन मांडले ते २०१४ मध्ये.

छापील पुस्तकात त्यांच्या रंगांचे थर उतरत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या एका चित्रासमोर मी उभा होतो. प्रथम केवळ करडेपण दिसले, मग पुष्कळ वेळाने त्यातून मंद पिवळा वर येऊ लागला, आणि इतक्यात दालन बंद होण्याची वेळ झाल्याची वर्दी घेऊन रखवालदार आला.