ज्याची त्याची शिकण्याची रीत



वर्गात धडा एकच शिकविला जातो. पण प्रत्येक मूल तो आपापल्या वाटेने घरी नेते. कोणास तो ऐकताच उमगतो, कोणी बोटे मोजतो, कोणी पाटीवर आकृती काढून पाहतो. जो मागे राहतो त्याच्या कपाळी मात्र ‘मठ्ठ’ हा शिक्का चटकन बसतो. हा शिक्का मुलाच्या बुद्धीचा किती आणि शिकविण्याच्या एकसुरीपणाचा किती, ह्याचा विचार वर्धा जिल्ह्यातील शिक्षकाने विशेषेकरून करावयास हवा; कारण ह्या प्रश्नाची एक मोठी प्रयोगशाळा ह्याच मातीत उभी राहिली.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे आणि त्याच्या केंद्रस्थानी उत्पादक हस्तव्यवसाय असावा, हा विचार तेथे मान्य झाला. अभ्यासक्रम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आखला. पुढे हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने आर्यनायकम् व आशादेवी ह्या दांपत्याने सेवाग्राम येथे तो विचार आचरणात आणला.

तेथे टकळी हे केवळ सूत काढण्याचे साधन नव्हते. त्या काळच्या मापाने चार फुटांची एक तार व ६४० तारांची एक गुंडी होत असे. मग एका गुंडीत सूत किती फूट? २,५६०. हा गुणाकार एका मुलास सूत गुंडाळताना उमगे, दुसऱ्यास मोठ्याने मोजताना, तिसऱ्यास वहीत मांडताना. कापसावरून काळ्या जमिनीचा भूगोल निघे, कापडावरून व्यापाराचा इतिहास. हात, डोळा, कान व वाणी ही सर्वच दारे उघडी असल्यामुळे कोणत्याही मुलास बाहेर ताटकळावे लागू नये, हे त्या पद्धतीचे मर्म होय.

अलीकडे ह्याच विषयास निराळे वळण लागले. १९९२ साली न्यूझीलंडमधील फ्लेमिंग व मिल्स यांनी शिकणाऱ्यांची आवड पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे व करणे अशा चार प्रकारांत मांडली. त्यावरून प्रत्येक मुलाचा प्रकार ठरवून त्याला तसेच शिकवावे, असे अनेकांस वाटू लागले. परंतु २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा तसे केल्याने शिकणे अधिक चांगले होते ह्याला पुरेसा आधार आढळला नाही. तात्पर्य, ‘मठ्ठ’ हा शिक्का पुसून ‘हा डोळ्याने शिकणारा’ असा नवा शिक्का मारण्यात शहाणपण नाही.

मग मुलाने आपली रीत शोधावी कशी? तर अनुभवाने पारखून. एक धडा पुनःपुन्हा वाचावा. दुसरा एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवून सांगावा. तिसऱ्याची आकृती काढावी. आठ दिवसांनी काय उरले ते पाहावे. जी रीत सोपी वाटते तीच टिकते असे नाही. वारंवार वाचलेले ओळखीचे वाटते. पण ओळख म्हणजे आठवण नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या रोडिगर व कार्पिक यांच्या प्रयोगांत, आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले ते पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, आठवून लिहिणाऱ्यांच्या.

समजा, आईबरोबर वेचणीला गेलेला मुलगा आठ दिवसांनी शाळेत आला आणि फळ्यावरील बेरजेपुढे गप्प उभा राहिला. गुरुजींनी विचारावे, “बाळ, आईने सकाळी १८ किलो कापूस वेचला अन् दुपारी १४ किलो. मजुरी किती किलोंची मिळणार?” तो क्षणात ३२ म्हणेल. मग तीच बेरीज त्याच्याकडूनच फळ्यावर मांडून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी न पाहता पुन्हा विचारावी. बेरीज त्याला येतच होती. शेतातून फळ्यापर्यंतची वाट तेवढी कोणी दाखविली नव्हती. ती दाखविणे हेच शिक्षकाचे काम होय.