चित्रकार अज्ञात



 

मी १९७४ साली, उपयोजित कला शिकत असतानाच, ग्रँट रोडच्या एका शेडमध्ये सिनेमाचे बॅनर रंगवायला लागलो. उस्ताद फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे. तेच चौकोन आम्ही खडूने कापडावर मोठे करायचो. नायिकेचा एकेक डोळा हातभर लांब. एकदा त्यांनी तिच्या गालावर वीतभर रुंद शेंदरी फटकारा ओढला आणि त्याला लागून थेट निळा. मला वाटलं, चेहरा बिघडला. त्यांनी माझं मनगट धरून मला रस्त्यापलीकडे नेलं. "आता बघ." तिथून तो गाल नुकतंच रडू आवरलेल्या बाईचा होता. बसच्या खिडकीतून बघणाऱ्यासाठीच तो रंगवला होता. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारायचा, वर शुक्रवारचा नवा चेहरा. सही करायला मालकाची मनाई. कोपऱ्यात नाव स्टुडिओचं. कॉलेजातली 'फाइन'ची मुलं याला रंगारीकाम म्हणायची. ते मला अजून बोचतं.

काही वर्षांपूर्वी एका कलादालनात तसाच बॅनर पाहिला. पांढरी भिंत, वरून दिवा, पुढे दोरी. लोक दोन हातांवरून बघत होते, आवाज खाली आणून बोलत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "केवढा धीट फटकारा!" रस्त्यावर त्याच कापडाकडे बघून लोक शो किती वाजता ते विचारायचे, इथे चित्रकाराच्या मनात काय होतं ते शोधत होते. मला फार आनंद झाला. रस्त्यापलीकडचं ते अंतर मात्र त्या खोलीत मावलं नव्हतं.

वापरातली वस्तू अशी दालनात जाणं नवं नाही. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३४ साली 'मशीन आर्ट' प्रदर्शनात बॉल बेअरिंग, प्रोपेलर, स्प्रिंगा शिल्पांसारख्या मांडल्या. कारखान्यातलं पोलाद लोक शिल्प म्हणून बघू लागले. पण तिथल्या बेअरिंगच्या नोंदीत स्वेन विंगक्विस्ट हे कर्त्याचं नाव आहे. आमच्या बॅनरखाली लिहिलं होतं, 'चित्रकार अज्ञात'.

नायिकेच्या कानाच्या पाळीत हिरवा ठिपका होता. तो उस्तादांचाच, सही नाही तर ठिपका तरी, म्हणून ठेवायचे. मी धावत आयोजकांकडे गेलो. तिथली मुलगी चांगली होती. लगेच पेन काढून म्हणाली, "सर, नाव सांगा, आजच पाटी बदलते."

मला नाव सांगता आलं नाही. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. 'उस्ताद' यापलीकडे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

म्हणून, आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, कळकळीने सांगतो, नाव लिहा. आज तुम्ही जे पाकीट, जी पाटी, जे मुखपृष्ठ कराल ते उद्या कुठल्या भिंतीवर जाईल ते तुमच्या हातात नाही. करारात लिहून घ्या, फाइलच्या आत लिहा, कागदाच्या पाठीवर लिहा. सोबत काम करणाऱ्याचंही लिहा. रंग कालवून देणाऱ्या पोराचंसुद्धा.

शेडमधल्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा आता मीरा रोडला राहतो. त्याच्याकडे वडिलांची मजुरीची वही आहे म्हणे. रविवारी जाणार आहे.