विजेचा ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या



गेल्या गाळप हंगामाच्या अखेरीस शिरूर अनंतपाळला एका ट्रॅक्टरमालकाने मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "साहेब, ते करंटावरचं ट्रॅक्टर निघालंय म्हणत्यात. आपल्या उसाच्या दोन ट्रॉल्या वढंल का हो ते?" त्याचा जुना ट्रॅक्टर आता धूर फेकू लागला आहे. नवा घ्यायचा तर कर्ज काढावे लागणार, आणि ते फेडायचे उसाच्या खेपांवर. दिवाळीच्या आत त्याला ठरवायचे होते. असा प्रश्न आला की "ओढील" किंवा "ओढणार नाही" असे एका शब्दात सांगून मोकळे होता येत नाही. चुकीचे सांगितले, तर त्याचा हप्ता मी थोडाच भरणार आहे! म्हणून आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि हिशेब मांडला. तोच हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे विजेच्या मोटारीला ओढ कमी असते, हा समज मनातून काढून टाका. उलट आहे. डिझेलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात. म्हणून भरल्या ट्रॉल्या जागच्या हलवताना आपण क्लच हळूहळू सोडतो, इंजिन घुरघुरते, काळा धूर निघतो. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच आपला पुरा जोर लावते. आगगाडीचे विजेचे इंजिन हजारो टनांच्या मालगाड्या ओढते, हे तुम्ही पाहिलेच आहे. पण त्या इंजिनात आणि आपल्या ट्रॅक्टरात दोन मोठे भेद आहेत. आगगाडीच्या इंजिनाची वैरण डोक्यावरच्या तारेतून येते, ती त्याला सोबत वाहावी लागत नाही. आणि लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार हलके फिरते.

हा दुसरा भेद आपल्या लातूरकरांना सहज कळेल. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, तेव्हा तिच्यात १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. नुसत्या पाण्याचे वजन ५०० टन झाले. रुळावर १ टन वजन सपाटीवर चालते ठेवायला साधारण २ किलोंची ओढ पुरते. डांबरी सडकेवर रबरी चाकांना तेवढ्याच वजनासाठी सुमारे २० किलोंची ओढ लागते. गाडीवाटेवर ती दुप्पट-अडीचपट होते. आणि आपल्या काळ्या रानात, ओल असेल तर, १०० किलो आणि त्याहूनही वर जाते.

गुरुजींनो, हा पाठ वर्गात करून दाखवता येईल. एका विटेला दोरी बांधा, दोरीला ताणकाटा लावा. वीट फरशीवरून ओढा, मग वाळूवरून ओढा, मग खाली चार-पाच गोल पेन्सिली ठेवून ओढा. वीट तीच, पण काट्यावरचा आकडा दरवेळी निराळा येईल. मुलांनी तो आपल्या हाताने वाचला, की पुढचा सारा हिशेब त्यांना घरी बापाला समजावून सांगता येईल.

आता ट्रॅक्टरकडे वळू. दोन ट्रॉल्या, त्यांतला ऊस आणि ट्रॅक्टर मिळून २० टन वजन धरू. (काही जण याहून अधिक भरतात, ते मला ठाऊक आहे. ते नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही.) सडकेवर टनाला २० किलो, म्हणजे ४०० किलोंची ओढ झाली. एवढ्या ओढीने १ किलोमीटर जायला चाकापाशी सुमारे १.१ युनिट वीज लागते. मोटारीत, गिअरात जे वाया जाते ते धरून बॅटरीतून सव्वा ते दीड युनिट जाईल. आपण १.३ धरू.

कारखाना २५ किलोमीटरवर आहे असे समजा. शिरूर अनंतपाळच्या शेजारी देवणी तालुक्यात तळेगावला आणि निलंगा तालुक्यात अंबुलग्याला साखर कारखाने आहेत. तुमच्या गावाहून अंतर किती, ते तुम्हीच घाला. भरल्या जाण्याला ३२-३३ युनिट, रिकामे येण्याला ११ युनिट. फडातून सडकेपर्यंत अर्धा किलोमीटर रान असेल, तर तेवढ्यालाच ३ युनिट जातात, म्हणजे सडकेवरचे अडीच किलोमीटर! रानातली ही ओढ एवढी मोठी, म्हणून तर आपण फडातून ट्रॉल्या एकेक बाहेर काढतो आणि सडकेवर आणून एकीमागे एक जोडतो. वाटेत मांजरेच्या काठावरून वर यायचे असेल आणि चढ ३० मीटर उंचीचा असेल, तर आणखी २ युनिट. सगळे मिळून एका खेपेला ५० युनिट झाले.

बॅटरी ४० युनिटांची असली तर? कारखान्यापर्यंत पोचाल, पण फाटकात जाताना ती जवळजवळ रिकामी असेल. परत येणे नाही. आणि बॅटरी कधीही पार तळापर्यंत वापरू नये, तळाशी पाचवा हिस्सा तरी राखून ठेवावा. तेव्हा खरे पाहता पोचणेही अवघडच.

४० युनिटांची बॅटरी म्हणजे डिझेलच्या भाषेत किती? १ लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते, पण तिच्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त, एवढाच चाकापर्यंत पोचतो. बाकीचा रेडिएटर आणि धुराड्यातून जातो. विजेच्या गाडीत बहुतेक सगळे चाकापर्यंत येते. तेव्हा ४० युनिटांची बॅटरी ही १३ लिटरच्या टाकीसारखी झाली. १३ लिटर डिझेलचे वजन ११ किलो. या बॅटरीचे वजन अडीचशे-तीनशे किलो! हे सांगितल्यावर तो ट्रॅक्टरमालक म्हणाला, "म्हंजे बैल लालकंधारी, पण वैरणीची पिशवी शेरडाची." याहून नेमके मला सांगता आले नसते.

अमेरिकेतही याच पिशवीचा घोळ झाला. फोर्ड कंपनीने २०२२ मध्ये विजेवरची एक मोठी पिकअप गाडी बाजारात आणली. साडेचार टनांपर्यंतची ट्रॉली ओढण्याची तिची क्षमता सांगितलेली होती, आणि ती ओढायचीही. पण मागे घरासारखी उंच ट्रॉली लावली, की एका भरणीत जाण्याचे अंतर निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येई. ही पूर्ण विजेवरची गाडी बंद करीत असल्याचे कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तिकडची ही गोष्ट ऐकून इकडे कोणी लगेच मान हलवू नये. ते लोक ताशी १०० किलोमीटरने जातात, तिथे निम्मी वीज वारा फोडण्यात जाते. वेग पाचपट झाला की वाऱ्याचा विरोध पंचवीसपट होतो. आपला ट्रॅक्टर ताशी २० ने चालतो, त्याला वारा जवळजवळ नाहीच. आपल्याला नडते ती चाकाखालची माती आणि मागचे वजन.

बाजारात आहे काय, तेही पाहा. डिसेंबर २०२० मध्ये सोनालिका कंपनीने विजेवरचा छोटा ट्रॅक्टर आणला. त्याच्याबद्दल २ टनांची ट्रॉली ओढील असे सांगितले होते. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेला 'प्राइमा ईटी ११' हा ट्रॅक्टर २०२३ मध्ये जाहीर झाला. तो १.८ टनांची ट्रॉली ताशी २५ किलोमीटरपर्यंत ओढतो, घरच्या जोडणीवर ७-८ तासांत भरतो आणि ओढकामात ६ तासांवर चालतो. दोन्ही चांगली यंत्रे, पण त्यांचे काम फळबागेचे, भाजीपाल्याचे, लहान शेतकऱ्याचे. उसाची एकच भरली ट्रॉली त्यांच्या चौपट-पाचपट वजनाची असते. २०२५ मध्ये ठाण्याच्या परिवहन कार्यालयात विजेवरच्या मोठ्या ट्रॅक्टरची नोंदणी झाली, आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या वीज-वाहन धोरणात शेतीच्या ट्रॅक्टरांनाही जागा मिळाली आहे. तेव्हा मोठी यंत्रे येत आहेत. विकत घेताना मात्र "किती टन ओढतो?" एवढे विचारून थांबू नका. "किती टन, किती किलोमीटर, आणि कशा वाटेवर?" असे विचारा. आणि तोंडी उत्तर घेऊ नका. तुमची ट्रॉली, तुमचा ऊस, तुमची वाट, अशी एक खेप करून दाखवा म्हणावे.

मग हे नुसते नाही-नाहीच का? नव्हे. त्याच कागदाच्या पाठीमागे आम्ही पैशाचा हिशेब केला. ५० युनिट बॅटरीतून गेले, तर भरताना ५५ घालावे लागतील. युनिटला १० रुपये धरले तरी ५५० रुपये. त्याच खेपेला डिझेल १५-१६ लिटर, लिटरला ९० रुपये धरा, म्हणजे १४०० रुपयांच्या घरात. खेपेला ८०० रुपये वाचले. चार महिन्यांत १२० खेपा झाल्या, तर लाखाच्या आसपास. हा आकडा पाहून त्याचे डोळे चमकले, ते मी पाहिले. म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगितली: ट्रॅक्टर महाग पडेल, आणि हंगाम संपल्यावर बॅटरी बसून राहील. बसवून ठेवायचीच झाली, तर निम्मी भरून ठेवावी. पूर्ण भरून किंवा पार रिकामी महिनोन्‌महिने ठेवली, तर ती लवकर म्हातारी होते.

आता भरायची कुठे? घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर तासाला ३ युनिट धरा, म्हणजे ४० युनिटांना १३-१४ तास. रात्रभर लावली, तरी पहाटे टोळी फडात उतरेपर्यंत भरेलच असे नाही. विहिरीवरच्या पंपाची जोडणी पंपासाठी दिलेली असते, तिच्यावर ट्रॅक्टर भरायचा मोह धरू नका. दंड होईल तो होईलच.

पण एक जागा अशी आहे, की जिच्याकडे मी सगळ्यांचे लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे कारखान्याचे आवार. काट्यावर नंबर लागायला आणि गव्हाणीपाशी ट्रॉली रिकामी व्हायला चार तास, आठ तास, कधी रात्रसुद्धा जाते. ड्रायव्हर ट्रॉलीखाली पटकूर टाकून झोपतो. आज हा वेळ निव्वळ बुडीत आहे. विजेच्या ट्रॅक्टरला मात्र तोच वेळ पोट भरण्याचा. आणि महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने बगॅस जाळून स्वतःच वीज तयार करतात, तीही नेमकी हंगामातच. १० ट्रॅक्टर एकदम, प्रत्येकी तासाला १० युनिट घेऊ लागले, तरी लागतात १०० किलोवॉट. १० मेगावॉट वीज काढणाऱ्या कारखान्याला हा शंभरावा हिस्सा झाला. उसाच्या चोयट्यांतून निघालेली वीज ऊसच ओढून आणील! ही सोय कारखान्याने केली, तर परतीच्या वाटेची चिंता मिटते. नाही केली, तर आजच्या बॅटरीवर १० किलोमीटरच्या आतल्या फडांपुरतेच हे यंत्र धरा. तिथे जाऊन-येऊन २३ युनिट लागतात आणि मागे पुरेशी शिल्लक राहते.

ऊस बाजूला ठेवला, तर मात्र काही कामे आजही चोख बसतात. ५ हजार लिटरची पाण्याची टाकी घ्या. टाकीची गाडी, पाणी आणि ट्रॅक्टर मिळून साडेनऊ टन. विहीर ४ किलोमीटरवर असली, तर जाऊन-येऊन साडेतीन युनिट. आठ खेपा केल्या तरी २८ युनिट. उन्हाळ्यात वाड्या-तांड्यांना पाणी पोचवायला याहून स्वस्त गडी मिळणार नाही. सोयाबीनची एक ट्रॉली जवळच्या बाजारात नेणे, शेणखत वाहणे, हीही याच जातीची कामे.

एक धोका सांगायचा राहिला, आणि तो पैशाचा नाही. विजेच्या मोटारीचा जोर एकदम येतो. चढावर भरल्या ट्रॉल्यांना हिसका दिला, तर पुढची चाके उचलतात. ट्रॅक्टर पालथा होण्याची हीच वेळ. तेव्हा पायडल अलगद दाबायचे. उतारावर ही मोटर गाडी धरून ठेवते आणि थोडी वीज परत बॅटरीत घालते, हे खरे. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर वीज घ्यायला जागाच नसते आणि मोटारीची ती धर सुटते. शिवाय धर असते ती ट्रॅक्टरच्या चाकांना. मागच्या १६-१७ टनांच्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्या ट्रॅक्टरला ढकलत नेतात आणि मधे मोडून आडव्या होतात. विजेचा ट्रॅक्टर चालतानाही फारसा आवाज करीत नाही. रात्रीच्या सडकेवर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसावी म्हणून लाल परावर्तक पट्ट्या लावाच. गावातून जाताना भोंगा वाजवा, ओट्यावर लेकरे खेळत असतात.

तर त्या ट्रॅक्टरमालकाने काय केले? जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन त्याने एकदा खोलून घेतले आणि आणखी एक हंगाम काढायचे ठरवले. आठवीतल्या मुलीला त्याने एक वही घेऊन दिली. रोज रात्री तो सांगतो आणि ती लिहिते: फड कुणाचा, रान किती, सडक किती, डिझेल किती, आवारात तास किती. पहिल्या पानावरच्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिले आहे, ११ तास.